एका सरीचा माग

एडो शहरातला, म्हणजे आजच्या टोकियोतला, सुमिदा नदीवरचा लाकडी पूल. आभाळ एकाएकी काळंभोर होऊन सर कोसळली आहे आणि पुलावरची माणसं अंग चोरून पळताहेत. कुणी दाटीवाटीनं एका छत्रीखाली शिरलेत, कुणी हाताला लागेल ते डोक्यावर ओढलंय. खाली नदीत एक माणूस एकटाच ओंडक्यांचा तराफा हाकत चाललाय. त्याला पळायला जागाच नाही. उतागावा हिरोशिगेनं हे चित्र १८५७ साली, मरणाच्या वर्षभर आधी केलं. ‘एडोतली शंभर प्रसिद्ध दृश्यं’ या मालिकेतलं ते एक पान. कागद जेमतेम ३४ सेंटिमीटर उंच आणि २४ सेंटिमीटर रुंद.

या चित्राच्या चांगल्या प्रती अमेरिकेत आणि युरोपात विखुरल्या आहेत. ब्रुकलिन म्युझियमकडे तर या मालिकेचा पूर्ण संच आहे आणि तो घरबसल्या बघता येतो. तेव्हा बघाच, पण बघताना चित्र मोठं करा. पुलावरच्या माणसांवरून नजर काढा आणि नुसत्या पावसापाशी थांबा.

पाऊस म्हणजे इथे रेषा आहेत, केसाइतक्या बारीक आणि वरपासून खालपर्यंत सरळ. थोडं आणखी जवळ गेलात की दिसतं, या रेषांचे दोन थर आहेत. एका थरातल्या रेषा गडद, दुसऱ्यातल्या फिक्या, आणि दोहोंचा कल किंचित वेगळा. त्या एकमेकींना छेदतात म्हणून पावसाला खोली येते, वारा येतो, घाई येते. आता हे लक्षात घ्या की या रेषा ब्रशनं ओढलेल्या नाहीत. हे लाकडी ठशांचं काम आहे. चेरीच्या लाकडाच्या फळीवर जिथे रेष हवी तेवढीच उंच ठेवायची आणि आजूबाजूचं सगळं लाकूड कोरून काढून टाकायचं. पावसाची एकेक रेष म्हणजे लाकडातला एकेक धागा, दोन्ही बाजूंनी पोखरून उभा ठेवलेला. कोरणाऱ्याचा हात एकदा घसरला की ती सर तिथेच तुटणार. चित्र हिरोशिगेचं, पण फळी कोरणारा वेगळा आणि ठसा मारणारा तिसराच. वरच्या कडेचा काळा ढग तर प्रत्येक प्रतीसाठी फळीवर नव्यानं रंग पसरून, पुसून, उतरता करून छापलेला. म्हणून दोन संग्रहांतल्या प्रती शेजारी शेजारी लावल्या की एकीत ढग जड होऊन खाली लोंबतो आणि दुसरीत वर पातळ पट्टा होऊन राहतो.

शेजारी शेजारी लावणं ही गोष्ट आपण किती सहज म्हणतो! हे कागद हजारो किलोमीटर अंतरावर, अंधाऱ्या कपाटांत ठेवलेले असतात. उजेडानं रंग उडतात म्हणून ते भिंतीवर फार काळ लावतही नाहीत. आयुष्यभर या विषयाचा अभ्यास केलेल्या जुन्या पिढीतल्या माणसाला जी जुळणी कधी करता आली नसेल, ती आता मिरजेतली दहावीतली मुलगी फोनवर करू शकते.

मुळात पाऊस रेषांसारखा असतो का? नसतो. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सहा-साडेसहा मीटर वेगानं खाली येतो. डोळा तेवढ्या वेगानं टिपत नाही, म्हणून थेंबाची वाट आपल्याला रेघ होऊन दिसते. थेंबाचा खरा आकारही चित्रातल्या टपोऱ्या, वर निमुळत्या अश्रूसारखा नसतो. लहान थेंब गोल असतो. मोठा होत गेला की खालून हवेचा दाब बसतो आणि तो बनपावासारखा खाली चपटा, वर फुगीर होतो. त्याहून मोठा झाला की फुटतो. म्हणजे हिरोशिगेनं पाऊस आहे तसा काढलेला नाही, आपल्याला दिसतो तसा काढला. आणि तो खरा वाटतो!

इथून एक धागा हाती लागतो. पावसाकडे कुणीकुणी कसंकसं पाहिलं? इंटरनेटवर रमण्याचे आणि काही सुचण्याचे मार्ग पुष्कळ आहेत, पण मला सगळ्यात सुपीक वाटतो तो हा: एकच गोष्ट धरायची आणि तिच्या मागे चित्रातून फिल्ममध्ये, फिल्ममधून सुरात, सुरातून शब्दात, शब्दातून नकाशात जायचं. समोर येईल ते बघत बसलं की तासभर जातो आणि हाताला काही लागत नाही. एका सरीचा माग काढत गेलं तर तोच तास पुरत नाही.

पहिली उडी अगदी जवळची आहे. १८८७ साली पॅरिसमध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं हिरोशिगेचा हाच पूल तैलरंगात काढला. त्याला आणि त्याच्या भावाला जपानी ठसेचित्रांचं वेड लागलं होतं. एका व्यापाऱ्याकडून त्यांनी ती शेकड्यांनी विकत घेतली होती, आणि त्यांच्या संग्रहातली बरीचशी आज ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये आहेत. तिथल्या संकेतस्थळावर त्याचा पूल उघडा आणि पुन्हा मोठं करत जा. पाऊस बदललेला आहे. व्हॅन गॉगच्या हातात ब्रश होता, दाट रंग होता. केसाइतकी रेष त्यातून निघणं शक्य नव्हतं. त्याच्या सरी जाड, तुटक, हलत्या आहेत. नदी अधिक हिरवी आहे, पूल अधिक पिवळा, पाण्यात ब्रशचे फटके दिसतात. चौकटीभोवती त्यानं जपानी अक्षरं काढली, ती दुसऱ्याच चित्रांवरून उतरवलेली. त्याला ती वाचता येत नव्हती. आवडली म्हणून घेतली.

याच सुमाराला त्यानं आयसेन नावाच्या चित्रकाराच्या एका जपानी स्त्रीचित्राची प्रत केली. त्यासाठी मूळ चित्रावर पारदर्शक कागद ठेवून त्यानं रेषा गिरवल्या आणि मोठं करण्यासाठी त्यावर चौकोन आखले. तो कागद जपून ठेवलेला आहे. आपल्या शाळेत चित्रकलेच्या मास्तरांनी शिकवलेली हीच ती चौकटीची पद्धत. आणि गंमत अशी की पडद्यावर हे महाकाय फोटो उघडतात तेही चौकोनांनीच. मूळ फोटोचे अनेक आकार आधीच करून ठेवलेले असतात आणि प्रत्येक आकाराचे लहान लहान चौकोन पाडलेले असतात. तुम्ही जिथे बोट ठेवून मोठं करता, तिथलेच चार-सहा चौकोन तुमच्या फोनकडे धाडले जातात. बाकीचं चित्र आपल्या जागी राहतं. म्हणून ॲम्स्टरडॅमच्याच राइक्सम्युझियमनं २०२२ साली रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’चा ७१७ गिगापिक्सेलचा फोटो लोकांसाठी खुला केला तेव्हा तो साध्या फोनवरही उघडला. ८,४३९ वेगवेगळे फोटो जोडून तो केलेला आहे. त्यातल्या एका पिक्सेलमध्ये चित्राचे पाच मायक्रोमीटर बसतात, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. स्वतः रेम्ब्रांटनं आपलं चित्र इतक्या जवळून कधी पाहिलं नसेल.

आपल्याकडे पाऊस कसा रंगवला, हे बघायचं असेल तर रागमाला शोधा. संगीतातला राग, त्याचं वर्णन करणारं पद्य आणि त्यावरून काढलेलं चित्र अशी ही तिहेरी परंपरा राजस्थानात, पहाडी दरबारांत, दख्खनेत शतकानुशतकं चालली. एका कलेनं दुसरीला काही सुचवावं ही कल्पना आजच्या पडद्यानं आणलेली नाही. आपल्या चित्रकारांची तीच रोजची रीत होती. मेघ रागाच्या चित्रात बहुतेकदा सावळा नायक नाचत असतो, भोवती वादक स्त्रिया, वर फुगलेले निळेकाळे ढग, ढगांपुढून पांढऱ्या पक्ष्यांची रांग. पाऊस पांढऱ्या ठिपक्यांच्या माळांनी काढलेला, आणि वीज असेल तर सोन्याच्या नागमोडी रेघेनं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं २०१७ साली आणि क्लीव्हलंडच्या कलासंग्रहालयानं २०१९ साली आपल्याकडच्या हक्कमुक्त कलाकृतींचे फोटो कुणालाही कशासाठीही वापरायला मोकळे केले. त्यांत अशी भारतीय चित्रंही आहेत. हिरोशिगेच्या रेषा आणि हे ठिपके एकामागून एक बघितले की आपोआप हातात पेन्सिल येते. तिसऱ्या तऱ्हेनं पाऊस काढता येईल का, असं वाटू लागतं.

फिल्मवाल्यांनाही हाच प्रश्न पडला होता. योरिस इव्हेन्स या डच दिग्दर्शकानं मानुस फ्रांकेनसोबत १९२९ साली ‘रेगेन’, म्हणजे ‘पाऊस’, हा मूकपट केला. लांबी बारा मिनिटांच्या आसपास. गोष्ट नाही, नायक नाही. आधी उन्हातलं ॲम्स्टरडॅम, मग वाऱ्यानं फडफडणारे कपडे, मग कालव्याच्या पाण्यावर पहिलं वर्तुळ. एक माणूस हात पुढे करून बघतो. खिडक्या बंद होतात, छत्र्या उघडतात, ट्रामच्या ओल्या काचेवरून शहर वाहत जातं. बघताना वाटतं, एकाच दुपारची ही एक सर. प्रत्यक्षात इव्हेन्स महिनोन् महिने पाऊस आला की कॅमेरा घेऊन बाहेर पडायचा, आणि कितीतरी सरींतले तुकडे जोडून त्यानं ही एक सर घडवली. हे एकदा कळलं की फिल्म दुसऱ्यांदा बघण्यात वेगळीच मजा आहे. प्रत्येक कापणीपाशी थांबून बघावं: हा थेंब आणि ही छत्री एकाच दिवसातली असेल का?

बारा वर्षांनी या मूकपटाला नवे सूर मिळाले. हान्स आइस्लर हा जर्मन संगीतकार नाझींच्या राजवटीमुळे परागंदा होऊन अमेरिकेत होता. चित्रपट-संगीताच्या एका संशोधन प्रकल्पासाठी त्यानं १९४१ साली ‘रेगेन’वर रचना केली आणि तिला नाव दिलं ‘पावसाचं वर्णन करण्याच्या चौदा तऱ्हा’. बासरी, क्लॅरिनेट, दोन तंतुवाद्यं आणि पियानो एवढाच ताफा. पुढे ती त्यानं आपल्या गुरूला, आर्नोल्ड शोएनबर्गला, सत्तराव्या वाढदिवसाची भेट म्हणून अर्पण केली. ही रचना आधी नुसती ऐकावी, डोळे मिटून. कुठे थेंब आहेत, कुठे झड आहे हे ओळखायचा प्रयत्न करावा. मग फिल्म लावून पुन्हा ऐकावी. कान आणि डोळे नेहमी एकाच बाजूनं बोलत नाहीत. जिथे पडद्यावर पाऊस थांबलेला असतो तिथेही सूर काहीतरी धरून राहतात. घरी चार जण असतील तर संध्याकाळ रंगवायला एवढं पुरेसं आहे.

थेंब खाली पडल्यावर पुढे काय होतं, याचा छंद लागलेला एक माणूस होता: आर्थर वर्थिंग्टन, इंग्लंडमधला भौतिकशास्त्राचा शिक्षक. त्याचं ‘अ स्टडी ऑफ स्प्लॅशेस’ हे १९०८ सालचं पुस्तक इंटरनेट अर्काइव्हवर पानापानानं चाळता येतं. तो अंधाऱ्या खोलीत दुधाचा किंवा पाऱ्याचा थेंब टाकायचा आणि नेमक्या क्षणी विजेची ठिणगी पाडायचा. ठिणगीच्या उजेडात क्षणभर जे दिसेल ते डोळ्यांत साठवून लगेच कागदावर उतरवायचं. ठिणगीची वेळ अगदी किंचित पुढे सरकवायची, नवा थेंब टाकायचा, नवं चित्र काढायचं. अशी वर्षानुवर्षं काढलेली त्याची उसळ्यांची चित्रं अतिशय देखणी आहेत. मुकुटासारखी गोल, सगळीकडून सारख्या अंतरावर टोकं. पुढे क्षणार्धाचे फोटो काढता येऊ लागले आणि त्यानं आपले थेंब फोटोत पाहिले. मुकुट वाकडा होता. टोकं लहानमोठी होती. आधीही त्याला असे वाकडे मुकुट दिसत होतेच, पण ते फसलेले थेंब म्हणून तो बाजूला सारत आला होता. खरा थेंब सुबकच असणार, अशी त्याची खात्री होती.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण ती त्यानं स्वतः मोकळेपणानं सांगितली. चित्र काढणाऱ्याला, लिहिणाऱ्याला त्याचे दोन्ही नमुने हवेत. मनातला थेंब कसा असतो ते त्याच्या रेखाटनांत आहे, आणि जमिनीवर पडलेला थेंब फोटोंत.

आता घराजवळ येऊ. मेच्या अखेरीस, उकाड्यानं जीव हैराण झालेला असताना झाडीतून एक पक्षी टिपेला चढत ओरडू लागतो. आपण त्याला पावशा म्हणतो आणि तो ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ सांगतो असं शेतकरी ऐकतात. झेनो-कँटो हे २००५ साली सुरू झालेलं, पक्ष्यांच्या आवाजांचं जगभरातल्या लोकांनी मिळून उभं केलेलं भांडार आहे. तिथे पावशाचं शास्त्रीय नाव ‘हायरोकॉक्सिक्स व्हेरियस’ टाकलं की भारतात, श्रीलंकेत ठिकठिकाणी टिपलेले त्याचे आवाज पुढे येतात. प्रत्येक आवाजाखाली त्याचं चित्र असतं. आडवा जातो तो वेळ, उभी चढते ती स्वराची उंची. पावशाचं चित्र बघा: तीन स्वरांचा एक तुकडा, पुढचा तुकडा आधीच्यापेक्षा थोडा वर, त्यापुढचा आणखी वर, आणि शिगेला पोचल्यावर एकदम तुटलेला. मग पुन्हा खालून सुरुवात. पायऱ्या डोळ्यांना दिसतात. गाण्याचं थोडं अंग असलेल्या कुणालाही ते बघून पेटी काढावीशी वाटेल. नोंदीखाली तारीख, वेळ, गाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, आवाज टिपणाऱ्याचं नाव आणि मागे ऐकू येणाऱ्या इतर पक्ष्यांचीही यादी असते. ती यादी झाकून आधी आपण ओळखायचं आणि मग उघडून ताडून बघायचं. मुलं या खेळाला सोडत नाहीत.

हिरोशिगेनं पूल काढला त्याच साली, १८५७ मध्ये, मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. शिकागो विद्यापीठानं तो कोश सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच आहे. वळीव, झड, उघडीप, संततधार, पिरपिर असा एकेक शब्द टाकून बघत जावं. फार वेळ थांबायची गरज नाही. कथेत पाऊस आणायचा असेल त्याला पाच मिनिटांत महिनाभराची शिदोरी मिळते.

थांबायचं ते ओव्यांपाशी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां या दोन समाजशास्त्रज्ञांनी पुण्यातल्या आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. गिरण्या आल्या आणि घरातली जाती कोपऱ्यात गेली, त्या काळात हे काम झालं. एक लाखाहून जास्त ओव्या, हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त गाणाऱ्या बाया. बर्नार्ड बेल या संगीतशास्त्रज्ञानं शंभरांहून जास्त तास ध्वनिमुद्रण केलं. २०१७ पासून ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियानं हा ठेवा टप्प्याटप्प्यानं लोकांपुढे आणला. जिथे शक्य झालं तिथे पुन्हा त्या गावांत जाऊन, त्या बायांना भेटून, त्यांचे फोटो आणि व्हिडिओ घेऊन.

एखादा व्हिडिओ लावा आणि आधी जात्याकडे बघा. दोन बाया समोरासमोर, एकाच खुंट्याला दोघींचे हात. एकीनं ओढलं की दुसरीनं सोडायचं. ओवीची लांबी या फिरण्यावर बसलेली असते. पहिली ओळ एकीनं उचलायची, दुसरी तिला मिळायची, ओळ पुन्हा घ्यायची, मध्ये श्वासाला जागा. बांगड्या आणि दगडाची घरघर हाच ठेका. विषय म्हणाल तर राम-सीता आहेत, पंढरी आहे, बाबासाहेब आंबेडकर आहेत, सासर आहे, लेकीचं दुःख आहे, आणि पाऊस आहेच. पण ओवीतला पाऊस कुणी खिडकीतून बघत नाही. तो भावाच्या शेतावर पडायला हवा असतो, उशीर करतो म्हणून त्याला बोलावं लागतं. हिरोशिगेच्या पुलावरची माणसं पावसापासून पळतात आणि इथली बाई त्याला बोलावते आहे. ही दोन चित्रं एकाच दुपारी बघितलेल्या माणसाच्या मनात तिसरं काही उगवल्याशिवाय कसं राहील?

ओव्या लिखित मराठीत आहेत, अनुवाद आहेत, आणि गाणारीचं नाव, गाव, जात, वय, घरची माहिती सोबत दिलेली आहे. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लोकगीत म्हटलं की ते कुणाचंच नसतं, अशी आपली समजूत असते. इथे प्रत्येक ओवीला धनीण आहे. कुणी यातून नाटक रचलं, गाणं बांधलं, तर त्या बाईचं नाव घेणं हे त्याचं देणं आहे. इतर ठिकाणीही हक्काची पाटी वाचायची सवय असावी. भारतात लेखक-कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, युरोपात बहुतेक ठिकाणी ७०. हिरोशिगे आणि व्हॅन गॉग कधीच मोकळे झालेत. फिल्मचा आणि ध्वनिमुद्रणाचा हिशेब वेगळा असतो. बघायला मिळतं ते सगळं घ्यायला मिळतंच असं नाही. झेनो-कँटोवर मात्र प्रत्येक आवाजाखाली स्पष्ट लिहिलेलं असतं की नाव देऊन वापरा, किंवा विकण्यासाठी वापरू नका.

आणि हा पाऊस येतो कुठून? त्याचं उत्तर मला सर्वांत सुंदर रूपात मिळालं ते एका नकाशावर. फर्नांडा व्हिएगास आणि मार्टिन वॉटनबर्ग या दोघांनी २०१२ साली अमेरिकेवरचा वारा पडद्यावर वाहता दाखवला. काळ्या नकाशावर पांढऱ्या रेषांचे झोत सरकत राहतात, एवढंच. तो बघून कॅमेरॉन बेकारिओ या संगणक अभियंत्याला तसंच काही करावंसं वाटलं. त्यानं आधी टोकियोवरचा वारा दाखवणारा नकाशा केला, हिरोशिगेच्याच शहराचा, आणि २०१३ साली सगळ्या पृथ्वीचा. ‘अर्थ नलस्कूल’ या नावानं तो सापडतो. हवामानाच्या जागतिक संगणकीय अंदाजांचे आकडे घेऊन तो दिवसातून अनेकदा ताजा होत राहतो.

जुलैत तो उघडा आणि पृथ्वीचा गोल फिरवून अरबी समुद्र समोर आणा. उंचीच्या पर्यायांत ८५० हेक्टोपास्कल निवडा, म्हणजे समुद्रापासून साधारण दीड किलोमीटर वरची हवा. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून, मादागास्करच्या बाजूनं वारा निघालेला दिसेल. तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे जातो. तिथे केनिया-इथिओपियाचे डोंगर भिंतीसारखे उभे, म्हणून त्यांच्या कडेकडेनं विषुववृत्त ओलांडतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात त्याला उजवीकडे वळण मिळतं, आणि सोमालियाच्या किनाऱ्यापाशी तो जोर धरून ईशान्येला वळतो. मग उघडा समुद्र, भरपूर बाष्प, आणि समोर सह्याद्री. १९६९ साली फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञानं या झोताचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा हाती विमानांनी आणि फुग्यांनी आणलेले तुटक आकडे होते. आता तो सगळा प्रवास एका नजरेत वाहताना दिसतो. महाबळेश्वरला बस थांब्यावर छत्री उलटी करणारा वारा काही दिवसांपूर्वी दक्षिण गोलार्धात होता, हे वाचून कळतं खरं, पण रेषा सरकताना बघितल्या की अंगावर काटा येतो. फेब्रुवारीची तारीख टाकून तीच जागा बघा. सगळं उलटं वाहत असतं, जमिनीकडून समुद्राकडे.

नकाशावर रेषा, हिरोशिगेकडे रेषा. एका बाजूला लाकडाचे धागे, दुसऱ्या बाजूला आकड्यांचे. व्हॅन गॉगनं हिरोशिगेकडून घेतलं, आइस्लरनं इव्हेन्सकडून, बेकारिओनं व्हिएगास-वॉटनबर्गकडून, आणि त्यांतला प्रत्येक जण घेतलेली वस्तू वेगळ्याच साधनानं पुन्हा करून बघत होता. साधन बदललं की हात अडतो, आणि अडलेला हात नवं काढतो. जाड ब्रशनं बारीक सर निघेना, म्हणून व्हॅन गॉगची सर वेगळी झाली. बघितलेली फिल्म शब्दांत उतरवून बघा, ऐकलेला पावशा रेषेत काढा, ओवीची लय ढोलकीवर धरा. प्रत काढा, जशीच्या तशी जमणार नाहीच.

या सगळ्या भांडारांत आपल्याकडची जागा मात्र अजून बरीच रिकामी आहे. फ्रीसाउंड हे बार्सिलोनातल्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठानं २००५ साली सुरू केलेलं आवाजांचं खुलं कोठार. पावसाचे आवाज तिथे अगणित आहेत, छतांवरचे, तंबूंवरचे, गाड्यांच्या टपांवरचे. मंगलोरी कौलांवरून पागोळ्या गळताना अंगणातल्या चिऱ्यावर पडतात तो आवाज, पत्र्याच्या वळचणीखालच्या पिंपात पडणारं पाणी, भातलावणीच्या खाचरात चिखलावर पडणारी सर, प्लास्टिकच्या इरल्यावरचा ताशा. हे आपल्याकडचे आवाज टिपायला फोन पुरतो. वाऱ्याचा फरफराट येऊ नये म्हणून माईकवर सुती फडकं धरावं, फोन विमान मोडवर टाकावा, स्वतः बोलू नये, आणि निदान दोन मिनिटं सलग टिपावं. मग गाव, तालुका, तारीख, वेळ, पाऊस कशावर पडत होता ते मराठीत आणि इंग्रजीत लिहावं, वापराची परवानगी कोणती ते निवडावं आणि चढवून द्यावं. मागे पावशा ओरडत असेल तर तेवढा तुकडा वेगळा काढून झेनो-कँटोलाही देता येतो.